(ऑनलाइन चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.) कुत्रा गुरगुरतो, झेप घेतो, अजून चावलेला नाही. 'धोकादायक' कधी ठरतो आणि मालकाने आत्ता काय करायचं?

अर्धाकान:

माझा कुत्रा नर, वय २० महिने, वजन ३८ किलो, मिश्र जातीचा. छाती रुंद, डोकं मोठं, केस आखूड. लसीकरण पूर्ण, नसबंदी झालेली नाही. आजवर कोणाला चावलेला नाही. गेल्या दोन महिन्यांत मात्र तीन गोष्टी सुरू झाल्यात.

खाताना कोणी भांड्याजवळून गेलं की ताठरतो आणि गुरगुरतो. फिरायला नेल्यावर धावणारा माणूस किंवा सायकल दिसली की मागच्या दोन पायांवर उभा राहावा तशी पट्टा ओढत झेप घेतो. आणि दारावर कोणी आलं की आवरत नाही.

शेजाऱ्यांनी लेखी तक्रार दिली आहे, त्यात 'धोकादायक कुत्रा' हे शब्द आहेत. माझे प्रश्न:

१. कायद्याच्या भाषेत धोकादायक कुत्रा म्हणजे नेमका कोणता? जात बघतात की वागणूक?
२. न चावलेल्या कुत्र्यामुळेही मालक अडचणीत येऊ शकतो का?
३. शिस्त लावायची तर सुरुवात कुठून? सल्ले उलटसुलट मिळतात.
४. मझल (तोंडाला बांधायचं मुसकं) घातली तर 'कुत्रा वाईट आहे' हे आपणच कबूल केल्यासारखं होतं का?

कृपया 'प्रेम द्या, सुधारेल' एवढंच लिहू नका.

---

तळटीप:

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो. वर्तनावर इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत.

शेजाऱ्याच्या कागदावर लिहिलं म्हणून कुत्रा धोकादायक ठरत नाही. पण 'अजून चावला नाही' हीसुद्धा ढाल नाही. जगभरचे कायदे ढोबळपणे तीन खुंट्यांना टांगलेले आहेत: जात, घटना आणि मालकाचा निष्काळजीपणा. बहुतेक देशांत यांची सरमिसळ असते.

जातीवरच्या कायद्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनचा १९९१ चा कायदा. त्यात पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्हेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार बंदीत आले. एक्सएल बुली या प्रकाराची भर नंतर पडली. इंग्लंड-वेल्समध्ये ३१ डिसेंबर २०२३ पासून त्याची विक्री, पैदास आणि मझल-पट्ट्याविना बाहेर नेणं बंद झालं, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणंच गुन्हा ठरला. तुमच्या दृष्टीने यातली मेख वेगळीच आहे. तिथे 'जात' नाही, 'प्रकार' बघतात. म्हणजे वंशावळीचा कागद किंवा डीएनए चाचणी पुढे केली तरी उपयोग नाही, अधिकारी टेप घेऊन अंगाची मापं बघतो. स्पेनचंही असंच. १९९९ च्या कायद्याखाली २००२ साली आलेल्या नियमांत जातींच्या यादीसोबत शरीरवैशिष्ट्यांचीही यादी आहे: दणकट बांधा, मोठी कवटी, आखूड केस, रुंद छाती, २० किलोंहून जास्त वजन वगैरे. तुम्ही वर केलेलं वर्णन त्या यादीशी फारच जुळतं. तिथे अशा कुत्र्यासाठी परवाना, दायित्व विमा (कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा), सार्वजनिक जागी मझल आणि २ मीटरहून आखूड, न वाढणारा पट्टा सक्तीचा आहे. आपण जिथे राहतो तिथे अशी यादी आहे का, हे स्थानिक परवाना कार्यालयात आधी बघा. मिश्र जातीचा आहे म्हणून बिनधास्त राहू नका.

उलट दिशेने गेलेलेही आहेत. नेदरलँड्सने १९९३ ची पिट बुल बंदी २००८ मध्ये उठवायचं ठरवलं, इटलीने २००९ मध्ये जातींची यादी सोडून भार मालकावर टाकला. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात यादी नाही, तिथे नव्या मालकालाच लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, मग कुत्रा कोणताही असो. माझं मत विचाराल तर हाच रस्ता शहाणपणाचा. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १८ हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केलं.

आता घटना. इंग्लंड-वेल्समध्ये 'धोकादायकरीत्या बेताबाहेर' असणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी चावण्याची गरज नाही. हा कुत्रा आपल्याला इजा करील अशी रास्त भीती समोरच्याला वाटली, एवढं पुरतं. २०१४ पासून हे घराच्या आवारातही लागू झालं. घुसखोराच्या बाबतीत घरात थोडी सूट आहे, टपाल वाटणाऱ्याच्या बाबतीत नाही. इजा झाली तर ५ वर्षांपर्यंत कैद, मृत्यू झाला तर १४. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो. सायकलवाल्यावर घेतलेली ती झेप, पट्टा हातातून सुटला असता तर, तिथे थेट या व्याख्येत बसली असती.

तिसरी खुंटी निष्काळजीपणाची. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ याच जातकुळीचं आहे: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी व्यवस्था जाणूनबुजून किंवा हयगयीने न करणं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. काही ठिकाणी पहिल्याच चाव्याला मालक जबाबदार, काही ठिकाणी 'कुत्रा असा आहे हे मालकाला ठाऊक होतं का' हा प्रश्न कळीचा.

आणि इथेच तुमच्याविरुद्धची तक्रार महत्त्वाची होते. लेखी तक्रार हातात पडली त्या दिवसापासून 'मला ठाऊक नव्हतं' हे वाक्य तुमच्याकडून गेलं. पुढे काही झालं तर पहिला प्रश्न असेल: कळल्यावर काय केलंत?

म्हणून एक फाइल करा. परवाना, रेबीज लसीचं कार्ड, मायक्रोचिपचा क्रमांक, पशुवैद्याच्या तपासणीचा कागद, प्रशिक्षकाने दिलेला लेखी आराखडा, मझल-पट्टा-फाटकाच्या खरेदीच्या पावत्या. शेजाऱ्यांना लेखी, चार ओळींचं उत्तर द्या: तक्रार मिळाली, अमुक तारखेपासून कुत्रा मझल व दुहेरी पट्ट्यावर नेला जाईल, अमुक दुरुस्ती केली. वाद घालू नका, आणि 'तो फक्त खेळतो हो' हे तर मुळीच लिहू नका. नेमकं हेच वाक्य पुढे वकील वाचून दाखवतो.

दायित्व विमा घेताना वगळलेल्या बाबींचं पान आधी वाचा. काही पॉलिसींत विशिष्ट जाती वगळलेल्या असतात, काहींत आधीच तक्रार नोंदलेला कुत्रा. तक्रार लपवून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी पडते.

---

शेपूटशास्त्री:

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. २० महिन्यांचा नर, दोन महिन्यांत तीन नव्या गोष्टी. यात 'नव्या' हा शब्द मला सगळ्यात मोठा वाटतो. प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्य. दुखणं असलेला कुत्रा भांडं राखतो, अंगाला हात लावू देत नाही, दारात चिडतो. नुसतं 'तब्येत ठीक आहे का' असं विचारून भागणार नाही. खुब्याचे आणि कोपराचे सांधे, कान, दात व हिरड्या, नजर आणि रक्तातलं थायरॉइड, हे नाव घेऊन तपासून घ्या. या आकाराच्या वाढत्या कुत्र्यात खुब्याचा दोष वरून दिसत नाही, पायऱ्या चढताना ससा उडी मारतो तसे दोन्ही मागचे पाय एकदम उचलणं ही त्याची खूण.

दुखणं नाही असं ठरलं तर मग वय. मोठ्या कुत्र्यात दीड-दोन वर्षांचा काळ हा पोरवयातून बाहेर पडण्याचा असतो. लहानपणी घाबरून मागे सरकणारा याच वयात पुढे झेपावून बघतो. सायकलवर झेप घेतली, सायकल निघून गेली. त्याच्या हिशेबाने उपाय लागू पडला. रोज दोनदा लागू पडतोय. म्हणून आधी ही उजळणी थांबली पाहिजे. महिनाभर रस्ता बदला, वेळ बदला, गर्दीची जागा सोडा. याला कोणी प्रशिक्षण म्हणणार नाही, पण हे न करता केलेलं प्रशिक्षण गळक्या बादलीत पाणी ओतण्यासारखं आहे.

गुरगुरण्याबद्दल एक गोष्ट मनात पक्की करा. गुरगुरणं ही सूचना आहे, आणि ती शिडीची बरीच वरची पायरी आहे. त्याच्या आधी तो जांभई देतो, नाक चाटतो, मान वळवतो, अंग वळवतो, पंजा उचलतो, निघून जायला बघतो, कान मागे टाकून आक्रसतो. मग ताठरतो आणि रोखून बघतो. त्यानंतर गुरगुर, मग हवेत दात वाजवणं, मग चावा. गुरगुरल्याबद्दल फटका मारला की मधली पायरी काढून टाकल्यासारखं होतं. भीती तिथेच राहते, आवाज तेवढा बंद. 'काही न करता एकदम चावला' म्हणून सांगितलेल्या कित्येक कुत्र्यांच्या मागे अशीच काढलेली पायरी असते. आणि शेपूट हलतेय म्हणजे खूश, हेही सोडा. उंच, ताठ, छोट्या फटकाऱ्यांत हलणारी शेपूट ही ताणाची खूण आहे.

भांड्याचं काम असं. तो सैल अंगाने खात राहतो ते अंतर शोधा. समजा ३ मीटर. त्या अंतरावरून चालत जा, भांड्यातल्यापेक्षा सरस असा वाटाण्याएवढा मांसाचा तुकडा भांड्याच्या दिशेने टाका आणि चालत राहा. थांबायचं नाही, बघत उभं राहायचं नाही. एका जेवणात आठ-दहा फेऱ्या. तुम्ही येताना दिसलात की मान वर करून सैल अंगाने वाट बघू लागला, की साधारण ३० सेंटिमीटर आत. तीन जेवणं एका अंतरावर नीट गेल्याशिवाय पुढे सरकू नका. ताठरला किंवा भराभर गिळू लागला तर तुम्ही घाई केलीत, एक मीटर मागे या. पहिले दोन आठवडे हे काम घरातल्या एकाच मोठ्या माणसाने करायचं. मुलांनी अजिबात नाही. मुलं असतील तर जेवण बंद दाराआड.

इथे बिघडतं ते बहुधा एकाच कारणाने. कोणीतरी सांगतं, 'पिल्लाच्या भांड्यात हात घाला, भांडं काढून घ्या, म्हणजे सवय होते.' याने त्याला खात्री पटते की माणूस जवळ आला की जेवण जातं. राखण्याचं कारण तुम्हीच पुरवता.

धावणारे आणि सायकली: इथेही अंतर हाच खेळ. सायकल दिसते, कान वळतात, पण तो अजून तुमच्या हातून खाऊ घेतो, एवढं लांब उभं राहा. सुरुवातीला ४०-५० मीटर लागले तरी चालेल. त्याने सायकलकडे बघितलं की एक सेकंदाच्या आत ठरलेला शब्द ('शाब्बास' चालेल, पण नेहमी तोच) आणि लगेच खाऊ. सायकल गेली की खाऊ बंद. आधी सायकल, मग खाऊ, हा क्रम उलटला तर खाऊची पिशवी बघूनच तो सायकल शोधू लागतो. पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. काही दिवसांनी सायकल दिसताच तो आपणहून तुमच्याकडे वळून बघेल, तेव्हा अंतर थोडं कमी करा. खाऊ नाकारला, तोंडातून टाकला किंवा नेहमीपेक्षा जोरात हिसकावला तर अंतर कमी पडतंय.

आणखी एक. ताण साठत जातो. सकाळी दारावर गोंधळ, दुपारी फटाका, संध्याकाळी सायकल: तिसऱ्या गोष्टीला तो एरवीपेक्षा दुप्पट लांबूनच भडकतो. तसा दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी सराव नको. वास घेत फिरणं, चघळायला काहीतरी, झोप.

---

दंडुका:

सगळं वाचलं. पण हे खाऊचं राजकारण ३८ किलोच्या नराला कळतं का? त्याला घरात वर कोण हे एकदा दाखवावं लागतं. पाठीवर उलटा पाडून शांत होईपर्यंत धरा, चोक चेनचा (ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचा) एक झटका. आधीच्या पिढ्यांनी असेच कुत्रे सांभाळले आणि ते नीट राहिले.

---

शेपूटशास्त्री:

@दंडुका, घरात नियम हवेत, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. नियम लावायची रीत चुकीची आहे.

'वर कोण' ही कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक रुडॉल्फ शेंकेलने १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणातून पसरली. अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले होते, ते भांडायचेच. रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकने, ज्याच्या लिखाणाने 'अल्फा' (कळपाचा म्होरक्या) हा शब्द घरोघरी पोचला, त्यानेच १९९९ च्या निबंधात तो शब्द रानातल्या कळपाला लागू होत नाही असं लिहिलं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेची २०२१ ची भूमिकाही बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापरा अशी आहे.

पाठीवर पाडण्यात व्यवहाराचीही अडचण आहे. ३८ किलोच्या घाबरलेल्या जनावराच्या दातांपासून तुमचा चेहरा वीतभर अंतरावर येतो. चोकच्या झटक्याचं गणित आणखी वाईट: सायकल दिसली, गळ्यात कळ आली, पुन्हा सायकल, पुन्हा कळ. दहा वेळा झालं की सायकल म्हणजे कळ. आता तो आधीपेक्षा जास्त झेपावणार. शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) यापुढची पायरी, वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे.

मग शिस्त म्हणजे काय? दार उघडायच्या आधी बसणं, दर वेळी, घरातल्या प्रत्येकाकडून. 'सोड' म्हटल्यावर तोंडातलं टाकणं, बदल्यात काहीतरी मिळून. हाक मारली की येणं. चटईवर जाऊन पडणं. हे चार शब्द घरातल्या सगळ्यांनी एकाच उच्चाराने वापरायचे. एकजण 'ये', दुसरा 'इकडे', तिसरा शिट्टी, असं असलं की कुत्रा हट्टी ठरतो आणि माणसं नामानिराळी राहतात. नको ते केलं तर शिक्षा म्हणून हवी असलेली गोष्ट थांबवा: पट्टा ताणला की पाय थांबले, उडी मारली की पाठ फिरली. कंटाळवाणं आहे, पण लागू पडतं.

नसबंदीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून: भटकणं आणि खुणा करणं तिने कमी होतं. भीतीतून येणारा आक्रमकपणा तिने जाईल हा भरवसा ठेवू नका. निर्णय वर्तन बघून पशुवैद्याबरोबर घ्या.

---

कडी_कोयंडा:

वरचं सगळं आठवडे-महिने घेणार. तोवर कुत्रा आणि जग यांच्यामध्ये काय आहे? तर सामान. म्हणून थोडं सामानाबद्दल.

आधी मझल, कारण चौथा प्रश्न तोच. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात म्हणून बैलाला कोणी वाईट म्हणत नाही. मझल ही कबुली असेल तर एवढीच, की मालकाला आपली जबाबदारी कळते. फाइलमध्ये ती तुमच्या बाजूने बोलते.

टोपलीसारखी जाळीची मझलच घ्या, तारेची किंवा रबरी. तोंड घट्ट आवळणारी कापडी नळी फिरायला चालत नाही. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर टाकतो, तोंड उघडलं नाही तर उन्हात उष्माघाताने मरू शकतो. ती नळी दवाखान्यातल्या दोन-चार मिनिटांपुरती.

मापं चार. नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या अलीकडे १ सेंटिमीटरपर्यंतची लांबी. तिथेच, डोळ्यांच्या खाली १ सेंटिमीटरवर, मुस्कटाचा घेर. तोंड उघडं असताना वरून खालपर्यंतची उंची (त्याला चेंडू तोंडात धरायला द्या आणि मोजा). आणि कानामागे गळ्याचा घेर. नाकासमोर अर्धा ते एक सेंटिमीटर मोकळं हवं. दुकानातली 'लार्ज' ही उंचीला जवळजवळ नेहमी कमी पडते, कारण माप बंद तोंडाचं घेतलेलं असतं. घातल्यावर तीन गोष्टी बघा: पूर्ण धाप टाकता येते का, पाणी पिता येतं का, जाळीतून खाऊ घेता येतो का. कपाळावरून जाणारी पट्टी असलेली घ्या. ती नसेल तर पंजाने दोन ओढीत काढतो.

सवय लावायला ७ ते १४ दिवस धरा. पहिले दोन दिवस मझल जमिनीवर, आत खाऊ, तो आपणहून तोंड घालतो आणि काढतो. मग तुम्ही हातात धरा, तोंड आत असताना जाळीतून एकामागून एक खाऊ, १ सेकंद, ३, ५, १०. अर्धा मिनिट निवांत राहिला की पट्टी मानेवरून नुसती टेकवा. मग लावा आणि लगेच काढा. मग घरात पाच मिनिटं, मग अंगणात, मग बाहेर. पहिल्यांदा घातली ती थेट दवाखान्यात किंवा सायकलींच्या रस्त्यावर, असं झालं की मझल दिसली की संकट हे समीकरण जुळतं आणि पुढचा महिना ते सोडवण्यात जातो.

मझलने बाकीची काळजी संपत नाही. ३८ किलोने मझलसकट धडक दिली तर मूल पडतं, दात तुटतो. शिवाय मोकळा कुत्रा अंगावर आला तर तुमचा स्वतःला वाचवू शकत नाही. मझल आणि पट्टा नेहमी एकत्र.

पट्टा १.८ ते २ मीटर, न वाढणारा, २० ते २५ मिलिमीटर रुंद. डबीतून सुटत जाणारी दोरी फेकून द्या. तिचं कुलूप धावत्या ३८ किलोपुढे टिकेल याची खात्री नाही, दोरी बोटाला कापते, आणि डबी हातातून सुटली तर ती खडखडत मागे येते म्हणून कुत्रा आणखी जोरात पळतो. जोडणी दोन ठिकाणी करा: छातीवर कडी असलेला हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळपट्टा, दोन्ही आखूड जोडपट्टीने बांधलेले, म्हणजे एक तुटला तरी दुसरा आहे. गळपट्टा ओढल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल प्रकारचा असावा, मोठ्या डोक्याच्या कुत्र्यालाही तो मागे सरकून निसटू देत नाही. ढिला असताना दोन बोटं जातील एवढी जागा. पट्ट्याचा फास अंगठ्यात अडकवून तळहातावरून घ्या, मनगटाला गुंडाळू नका, मनगट मोडतं. दर आठवड्याला हुकाची स्प्रिंग दाबून बघा. कडी जिथे घासून चपटी झालीय तिथेच ती एक दिवस उघडते.

कुत्र्याला रोखू शकत नाही अशा माणसाच्या हातात पट्टा द्यायचा नाही. ब्रिटनमध्ये सवलतीवर ठेवलेल्या कुत्र्याचा पट्टा १६ वर्षांखालच्या मुलाच्या हातात देता येत नाही. नियम नसेल तिथेही तोच पाळा.

दार. कुत्रा सुटण्याची जागा बहुतेक वेळा दारच असते. घरात दारापासून दीड-दोन मीटर आत दुसरं, कमरेएवढं फाटक लावा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बाहेरच्या फाटकाला आपोआप मिटणारी बिजागरी आणि मुलाच्या हाताला न येणारी कडी. कुंपण १.८ मीटर, खोदणारा असेल तर तळाशी ३० सेंटिमीटर जाळी आतल्या बाजूला जमिनीत पुरलेली. टपालपेटी आणि घंटा फाटकाबाहेर, हा सगळ्यात स्वस्त उपाय. घंटा वाजली की कुत्रा चटईवर किंवा बंद खोलीत, मग दार. उलट क्रम नाही.

दिवसभर साखळीला बांधणं हा बंदोबस्त नाही. बांधलेल्याला पळता येत नाही, म्हणून त्याच्याकडे पुढे झेपावणं एवढाच पर्याय उरतो, आणि मूल नेमकं त्याच वर्तुळात शिरतं.

'कुत्र्यापासून सावध' ही पाटी लावली म्हणून जबाबदारी टळत नाही. काही न्यायालयांत ती मालकाला धोका ठाऊक होता याचा पुरावा म्हणूनही पुढे केली जाते. पाटी लावायची तर सूचना लिहा: 'आत कुत्रा आहे. घंटा वाजवून फाटकाबाहेर थांबा.'

---

अर्धाकान:

खूप नेमकं मिळालं, आभार. मापं आज घेतो, पशुवैद्याची वेळ परवाची मिळाली आहे. एकच राहिलं: एवढं करूनही चावलाच तर पहिल्या तासात काय करायचं?

---

तळटीप:

क्रम सांगतो.

धरून ठेवलं असेल तर ओढू नका, ओढल्याने फाटतं. मागून येऊन गळपट्टा दोन्ही हातांनी धरा, वर उचलून तसाच धरून ठेवा, श्वास अडला की जबडा सुटतो. तोंडाजवळ हात नाही. दोन कुत्र्यांची झोंबी असेल तर पाण्याची बादली किंवा मध्ये घुसवलेली फळी. सुटला की कुत्रा बंद खोलीत, मगच जखमीकडे वळा.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत थांबतात. मग पोव्हिडोन आयोडीन. चुना, तिखट, तेल काही नाही. घट्ट बांधू नका, टाके लगेच घालायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. रक्त थांबत नसेल तर आधी दाब द्या. त्वचा फुटली असेल तर त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी जा. रक्त येणाऱ्या जखमेत लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिद्रव्यं) लागतं, ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. 'कुत्र्याला लस दिलीय' असं सांगून जखमीला घरी पाठवू नका. लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवा, ठरवू दे त्यांना.

कुत्रा १० दिवस नजरेखाली, जागचा हलवायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. घाबरून लांबच्या नातेवाइकाकडे पाठवून देणं ही सगळ्यात महागडी चूक. जखमीचे सुरू केलेले उपचार पुढे चालू ठेवायचे का, हा निर्णय त्या १० दिवसांच्या निरीक्षणावर अवलंबून असतो, आणि पोलिसांच्या दृष्टीने तो पुरावा लपवणं ठरू शकतं.

स्वतःचं नाव, पत्ता, लसीचा तपशील जखमीला द्या. साक्षीदारांची नावं घ्या. जागेचे, पट्ट्याचे, फाटकाच्या कडीचे फोटो काढा, दुरुस्त करायच्या आधी. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, पॉलिसीत मुदत असते. कुत्र्याची नोंदणी जिथे आहे तिथेही.

---

शेपूटशास्त्री:

त्यात एक जोड. जखमेचं वर्णन नीट लिहून ठेवा, कारण पुढे कुत्र्याचं काय करायचं हे त्यावर ठरतं. पशुवैद्य आणि श्वानप्रशिक्षक इयन डनबारच्या चाव्यांच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीत १ म्हणजे दात न लागता नुसता धाक, २ म्हणजे दात लागले पण भोक नाही, ३ म्हणजे एकाच चाव्यात एक ते चार भोकं, सुळ्याच्या अर्ध्या लांबीपेक्षा उथळ. ४ म्हणजे त्याहून खोल, भोवती काळंनिळं, म्हणजे धरून दाबलं किंवा झटकलं. ५ म्हणजे अनेक खोल चावे, ६ म्हणजे मृत्यू. १-२ वाल्यांबरोबर वरचा आराखडा चांगला चालतो. ३ ला चालतो, पण मालक काटेकोर हवा. ४ पासून पुढे इंटरनेटवर सल्ला विचारायचा नाही, वर्तनाचा पशुवैद्य गाठायचा, आणि तो 'या घरात हा कुत्रा सुरक्षित ठेवता येणार नाही' म्हणाला तर ऐकायचं.

तुमचा कुत्रा आत्ता या पट्टीवर पहिल्याच पायरीवर आहे. परवा पशुवैद्याकडे जाताना खातानाचा आणि पायऱ्या चढतानाचा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात तो यातलं काहीच करून दाखवणार नाही.